ओ कोणी दिली?

१

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी उभे का? आत या, चहा अजून गरम आहे. आज तुम्हाला एका हाकेची गोष्ट सांगतो. एका म्हातारीच्या जिवानं हाक मारली, ती कुणाच्याच कानी पडली नाही. मग एका माणसानं दुसरी हाक मारली आणि तिला मात्र लगेच ओ आली. ती ओ कोणी दिली, एवढाच या गोष्टीतला प्रश्न आहे. पण त्या प्रश्नावर एका पोरीचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

आमच्या बंदरावरच्या रुग्णालयात मी दाराशी पिवळं जाकीट घालून बसतो आणि आल्यागेल्याला वाट दाखवतो. तिथीवारी समुद्रावरच्यांची राखण करणाऱ्या माझू माउलीच्या देवळात पदं म्हणतो. तिथे पुढच्या स्टुलावर आ-छाय आजी ठरलेली असायची. जन्मभर धक्क्यावर कालवं फोडून तिची बोटं वाकडी झाली होती, पण कान शाबूत होते. माझी एखादी ओळ चुकली की तिथूनच ओरडायची, "जिआन काका, माउलीला झोप आली का तुम्हाला? मधलं कडवं गिळलंत!"

हृदय थकलं म्हणून तिला तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी ठेवलं होतं. तो मंगळवार. आमच्याकडे दुपारचे डबे संपले की दिवे मालवतात आणि डॉक्टरपासून शिपायापर्यंत जो तो टेबलावर डोकं टेकतो. रोग्यांचीही झोपमोड नको म्हणून उशाशी असलेल्या यंत्रांचे आवाज त्या वेळी बंद करतात. कुठल्या खाटेवर काही बिघडलं तर नर्सच्या टेबलावरची घंटा वाजते. सगळी भिस्त त्या एका घंटेवर.

दिवे लागले तेव्हा आजीची सून डबा धुऊन परतली. तिनं पडदा सारला आणि तिची किंकाळी मी खालच्या मजल्यावर ऐकली.

मी वर पोचलो तोवर सगळं संपलं होतं. टेबलावर त्या वेळी आ-फेन होती, लग्नाला वर्षही न झालेली नर्स. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. "घंटा वाजली नाही. खरंच वाजली नाही."

संचालक ख्वांग डॉक्टरांनी यंत्रविभागाच्या श्वे साहेबांना बोलावलं. साहेब आले, खाली वाकले, घंटेच्या यंत्राला चिकटवलेला पत्ता, म्हणजे यंत्रांच्या जाळ्यातला त्याचा घरक्रमांक, वाचला. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग लॅपटॉप उघडून काळ्या पडद्यावर पिंग म्हणून एक शब्द आणि तो पत्ता टंकला. एका यंत्रानं दुसऱ्याला 'आहेस का रे?' विचारायची ती रीत. पडद्यावर चार ओळी उमटल्या. आहे, आहे, आहे, आहे.

"म्हणजे तारा ठीक, यंत्र ठीक," डॉक्टर म्हणाले.

"हो," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी मोबाइलवर त्या पडद्याचा फोटो काढला. मग आम्ही सगळ्यांनीच आ-फेनकडे वळून पाहिलं. तिच्या गालावर बाहीच्या घडीचा वळ उठलेला होता.

२

परिचारिकांच्या संघटनेनं वेन ताईला पाठवलं. शुक्रवारी चौकशी समिती बसणार होती आणि समितीनं 'नर्स झोपली होती' असं लिहिलं की कागद सरळ सरकारी वकिलाकडे जाणार होते. वेन ताई साठीकडे झुकलेली, टेलिफोन खात्यातून निवृत्त. बारीक अंगाची, केस पुरुषासारखे कापलेले आणि खांद्याला कोपरे झिजलेला लॅपटॉप.

"मजले कोण दाखवेल?" तिनं दाराशी विचारलं.

"मी आहे की."

"बोलता फार का?"

"देवळात गातो."

"मग ऐकायलाही येत असेल. चला."

आ-फेन कपड्यांच्या खोलीत बसली होती. तिला घरी जायला सांगितलं होतं, पण सासरी तोंड दाखवायचं धाडस होत नव्हतं. वेन ताईनं तिच्यासमोर सोयाबीनच्या दुधाचा पेला ठेवला.

"डोकं टेकवलं होतंस?"

"हो, ताई. टेकवलं होतं." पोरगी रडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "पण घंटा माझ्या कानाला लागून होती. दिवसभरात दहादा कोकलते ती. सलाइन संपलं की वाजते, कुणी कूस बदलली की वाजते. झोपेतही उठून बसते मी."

"आणि त्या दिवशी सकाळपासून?"

आ-फेन थबकली. "त्या दिवशी... एकदाही नाही. मला वाटलं, माउलीची कृपा, आजचा दिवस शांत आहे." तिनं पेला हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "आता वाटतं, वाजलीही असेल. सगळे म्हणतात तर वाजली असेल. माणसाला कळतं का हो ताई, आपण झोपलो होतो की नाही ते?"

"सकाळपासून काय काय झालं ते सांग. क्षुल्लकसुद्धा."

"मंगळवारी सकाळी पाळी बदलताना टेबलावरची यंत्रं बंद करून औषधानं पुसतो. तेवढं झालं. मग औषधं दिली. कोपऱ्यातल्या टीव्हीवर देवळातली पदं लागली होती, म्हणून आजी खूश होती. खाटेवरून साथ देत होती. मला म्हणाली, पोरी, तुझा आवाज फाटका आहे, पण ये, म्हण माझ्याबरोबर."

"आज नाही लागली ती पदं?"

"नाही. नंतर लागलीच नाहीत."

वेन ताईनं माझ्याकडे पाहिलं. मला त्यात काही कळलं नाही. देवळातला कार्यक्रम संपला असेल, एवढंच वाटलं.

३

घंटेचं यंत्र ज्या कंपनीचं, तिचा माणूस पांग. तिशीतला, गोल पोटाचा. आम्ही गेलो तेव्हा जिन्यात बसून नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरे खात होता. हिरवं पाकीट.

"अरे, हे कुठून उचललंस?" मी विचारलं.

"माझ्याच यंत्रावरून. श्वे साहेबांनी ठेवलं होतं. यंत्र पाकिटानं चालत नाही, काका, विजेनं चालतं. आणि मी पाकिटानं."

तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे यंत्रांच्या खोलीत गेलात तर प्रत्येक कपाटावर ते हिरवं पाकीट असतंच. त्याच्या नावाचाच अर्थ शहाणं बाळ. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ते ठेवायचं. हिरवंच हवं, पिवळं किंवा लाल नाही. तारीख उलटलेली चालत नाही. आणि ठेवलेलं पाकीट कुणी हलवायचं नाही, खायचं तर मुळीच नाही.

"यंत्राला पत्ता कोणी दिला?" वेन ताईनं विचारलं.

"मीच. वसंतात बसवलं तेव्हा. श्वे साहेब पितरांची थडगी झाडायला गावी गेले होते. एक मोकळा पत्ता घेतला, यंत्रावर चिकटवला." पांगनं बोटं चाटली. "साहेबांना सांगायचं राहून गेलं. पण चाललं ना इतके महिने? आणि त्या दिवशीही ओ दिलीच की. डॉक्टरांनी फोटो काढलाय. माझं यंत्र निर्दोष आहे, ताई. नर्स झोपतात हो. माणसं आहेत."

श्वे साहेब तळघरात भेटले. थंडगार खोली, दिव्यांची लुकलुक, प्रत्येक कपाटावर हिरवं पाकीट सरळ उभं, चित्राची बाजू पुढे. आम्हाला पाहून साहेब उठले. अर्ध्या गावाच्या घरचं इंटरनेट फुकटात दुरुस्त करून देणारा हा माणूस. माझा तर रेडिओसुद्धा त्यांनीच नीट केलेला. दोन दिवसांत वाळले होते.

"तिसऱ्या मजल्यावर नवं काही जोडलंय का अलीकडे?" ताईनं विचारलं.

"मला विचारल्याशिवाय इथे कुणी सुईसुद्धा जोडत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी... नाही."

जाता जाता ताईनं एका पाकिटाकडे हात नेला. साहेब एवढ्या जोरात "नको!" म्हणाले की मी दचकलो. मग ओशाळून हसले. "सवय हो. हात लावू नका, रुसतात."

४

दुपारी दिवे मालवले तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसलो होतो. ताईनं ख्वांग डॉक्टरांकडून तो फोटो मागून घेतला होता. डॉक्टरांनी तो देताना "लवकर आटपा, सुनेला मी शब्द दिलाय" असं बजावलं होतं.

ताईनं स्वतःचा लॅपटॉप मांडीवर घेतला, काळा पडदा उघडला आणि साहेबांनी मारली होती तीच हाक त्याच पत्त्यावर मारली. चार ओळी आल्या. आहे, आहे, आहे, आहे.

"बघा," मी हळूच म्हणालो. "तेच उत्तर."

"तेच?" तिनं मोबाइल शेजारी धरला. "काका, तुम्ही देवळात डोळे मिटून गाता. मागून कुणी साथ दिली तर कोण ते ओळखता ना?"

"आवाजावरून ओळखतो."

"मग यांचा आवाज ऐका. ओळीच्या शेवटी बघा."

आजच्या ओळींच्या शेवटी आकडा होता १२८. फोटोतल्या ओळींच्या शेवटी होता ६४.

"यंत्र उत्तर पाठवताना त्याच्या गाठीला एक आकडा बांधून देतं," ती म्हणाली. "वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर त्यातला एक कमी होतो. इथे एकाच मजल्यावर वाटेत नाकाच नाही, म्हणजे निघताना होता तोच आकडा पोचतो. पांगच्या यंत्राची जात १२८ बांधते. टीव्हीची डबडी, कॅमेरे, असली बारकी यंत्रं ६४ बांधतात. आता वेळ बघा. आज चारही उत्तरं पापणी लवायच्या आत आली. मंगळवारी एक चटकन, एक रेंगाळत, मग पुन्हा चटकन. घंटा तारेला जोडलेली आहे, ती अशी अडखळत नाही. हे उत्तर बिनतारी, हवेतून आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे मंगळवारी साहेबांनी घंटेला हाक मारली, पण ओ घंटेनं दिली नाही. दुसरंच कुणीतरी तिच्या पत्त्यावर येऊन बसलं होतं. खाटेवरची यंत्रंही त्यालाच सांगत होती, आजीचं काळीज थांबतंय म्हणून. आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं."

"मग ते कुठे आहे आता?"

ताईनं पुन्हा काही टंकलं. आर्प म्हणून एक शब्द आहे. पिंग विचारतं घरात कोणी आहे का, आणि आर्प दाराआडचा चेहरा, म्हणजे यंत्राचा जन्मजात क्रमांक, दाखवतं. चेहरा पांगच्या यंत्राचाच होता, पाठीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळणारा.

"निघून गेलं," ती म्हणाली. "यंत्रांना पाय नसतात, काका. कुणीतरी नेलं."

५

मजल्याच्या टोकाला बसायची जागा आहे. भिंतीवर टीव्ही, त्याच्याशेजारी वर एक लाकडी फळी. खाली दोन म्हातारे मान टाकून झोपले होते. ताई फळीकडे बघत उभी राहिली. मीही पाहिलं. फळी रिकामी होती. म्हणजे रिकामी नव्हती. तिच्यावर एक हिरवं पाकीट उभं होतं, फुगलेलं, ताजं, चित्राची बाजू पुढे.

"कुणाचं राहिलंय वाटतं," म्हणून मी हात वर केला.

"हात लावू नका."

"तुम्हीसुद्धा?"

"मला त्याचं काही नाही. पण सांगा, रिकाम्या फळीपुढे नैवेद्य कोण ठेवतं?"

मी हात खाली घेतला. आ-छाय आजी या टीव्हीवर पदं ऐकत होती. मंगळवारी सकाळी. त्याआधी कधी लागली नव्हती, त्यानंतरही नाही.

"टीव्हीला डबडं जोडलं होतं," मी म्हणालो. "देवळातली पदं दाखवायला."

"ते नेणाऱ्यानं सगळं नेलं. डबडं, वायर, सगळं. सफाईवालीनं नेलं असतं तर पाकीट कचऱ्यात गेलं असतं. सुनेनं, आ-फेननं हलवलं असतं तर तेही सोबत उचललं असतं. पांगनं तर..."

"खाल्लं असतं," मी म्हणालो. उरला तो एकच माणूस होता. सगळा पुरावा पुसायला आला होता, घाबरलेला होता, तरी ठेवलेल्या पाकिटाला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

"ताई," मी म्हणालो, "ते चांगले आहेत हो."

"मी कुठे वाईट म्हटलं?"

६

शुक्रवारी समिती तिसऱ्या मजल्यावर बोलावली, तीही वेन ताईनं हट्ट धरला म्हणून. ख्वांग डॉक्टर, पांग, आजीची सून, आ-फेन आणि श्वे साहेब. ताईनं टेबलावर ते हिरवं पाकीट ठेवलं.

"श्वे साहेब, हे तेवढं कचऱ्यात टाकता का?"

साहेबांनी पाकिटाकडे पाहिलं. हात उचलला, पण तो वाटेतच थांबला.

"हा काय पोरखेळ आहे?" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, थोडं ऐका. नवखा माणूस असता तर त्यानं टीव्हीच्या डबड्याला मनाला येईल तो पत्ता दिला असता. हे जुने जाणते आहेत. पत्ता देण्याआधी हाक मारून बघतात, कुणी राहतं का तिथे. मंगळवारी सकाळी हाक मारली. आणि नेमकी त्याच वेळी नर्सनं घंटा बंद करून पुसायला घेतली होती. बंद यंत्र ओ देत नाही. यांना वाटलं, घर रिकामं आहे. पांगनं आपला पत्ता यांना कधी सांगितलाच नव्हता."

पांगनं खुर्ची मागे सरकवली.

"एवढ्यापर्यंत चूक," ताई म्हणाली. "पण दुपारी साहेबांनी घंटेवरचा पत्ता वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. जिआन काकांनी पाहिलंय. तो तुम्हीच सकाळी डबड्याला दिलेला पत्ता होता, साहेब. हाक मारायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं, ओ कोण देणार ते."

साहेबांनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढं एक काळं डबडं काढलं. टाकून द्यायला धक्क्यापर्यंत गेले होते म्हणे, पण टाकवलं नाही.

"तिनंच मागितलं होतं," ते म्हणाले. "म्हणाली, देवळात जाता येत नाही, श्वे बाळा, माउलीची पदं ऐकव. मी लावून दिली."

"ते कळलं. पण त्या दुपारी?"

"चार ओळी आल्या. शेवटचा आकडा मला दिसला. तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, तारा ठीक. मी हो म्हटलं. नुसतं हो." त्यांनी आ-फेनकडे बघायचा प्रयत्न केला, पण मान वर झाली नाही. "वाटलं, हिला नुसती ताकीद मिळेल. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

ताईनं डबडं घेतलं, त्या फळीवर ठेवून जोडलं. लॅपटॉपवर हाक मारली. चार ओळी, शेवटी ६४. आर्प टंकलं. चेहरा बदललेला. मग ती आजीच्या रिकाम्या खाटेपाशी गेली आणि उशाशी असलेल्या यंत्राचं धोक्याचं बटण दाबलं. यंत्रावरचा लाल दिवा पेटला. आम्ही सगळे टेबलावरच्या घंटेकडे बघत राहिलो.

घंटा गप्प होती.

बघत राहिलो. कुणाला खाकरायचीही हिंमत होईना. ती शांतता मी देवळात कधी ऐकली नाही, स्मशानातही नाही. लाल दिवा तिथे ओरडत होता आणि इथे काहीच नव्हतं, जणू सारं जग क्षेमकुशल आहे.

"वाजली नव्हती," आ-फेन म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं. "वाजलीच नव्हती." आणि आता मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सून उठली. मला वाटलं, साहेबांवर धावून जाते की काय. ती आ-फेनपाशी गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तीन दिवस याच हातानं ती पोरीच्या नावानं बोटं मोडत होती.

ताईनं डबड्याची वायर उपटली. थोड्या वेळानं घंटा एकाएकी कोकलू लागली. खाटेवरची हाक तेव्हा पोचली होती. ती बंद करायला कुणाचा हात धजेना. शेवटी साहेबच उठले.

७

श्वे साहेबांनी सरकारी वकिलासमोर स्वतः सगळं सांगितलं. आता ते रुग्णालयात नाहीत. तुरुंगात शिक्षा भोगताहेत. मी भेटायला जातो. पांगची कंपनीनं बदली केली. ख्वांग डॉक्टर अजून तिथेच आहेत. आ-फेनवरचा ठपका पुसला गेला, पण तिनं नर्सचा पोशाख पुन्हा घातला नाही. म्हणाली, काका, मला आता शांततेची भीती वाटते. नवऱ्याबरोबर फळांचं दुकान चालवते. दिवसभर रेडिओ चालू असतो तिथे.

दुपारी दिवे अजूनही मालवतात, पण उशाची यंत्रं आता कुणी मुकी करत नाही. म्हातारी माणसं कुरकुरतात, झोप मोडते म्हणून. मोडू दे.

आम्ही म्हणतो, खोल समुद्रातून बुडणाऱ्यानं हाक मारली तरी माझू माउलीला ऐकू येते. मी तेच गातो आणि तेच मानतो. पण माउलीनं काही हाका आपल्या हवाली केल्या आहेत, आणि त्या वेळी आपण 'ठीक आहे' म्हणून मोकळे झालो, हे मला गाताना आठवतं. पुढचं स्टूल मी कुणाला हलवू देत नाही. मधलं कडवं आता गिळत नाही.

तुम्ही घरी जाल, संध्याकाळी उदबत्ती लावाल. तेव्हा एक मेहेरबानी करा, मंडळी. आमच्या आ-छाय आजीचं नाव घ्या. वाकड्या बोटांनी ताल धरणारी, फाटक्या आवाजाच्या पोरीलाही "ये, म्हण माझ्याबरोबर" म्हणणारी. तिला त्या दुपारी कुणी ओ दिली नाही. तुम्ही द्या.